मूर्च्छा आणि शीतनिद्रा

अँजिओप्लास्टी होते, ब्लॉकेज निघतं, स्टेंट बसतो. पण दोन दिवसांनी टू-डी इको केला तर पंपिंग होतं तेवढंच! घरचे हवालदिल होतात, डॉक्टर म्हणतात, ‘जरा थांबा.’ या ‘थांबा’मागे दोन शब्दांची कुळकथा आहे.

१९३५ साली अमेरिकेत टेनंट आणि विगर्स यांनी कुत्र्याच्या हृदयाची धमनी बांधली. मिनिटभरात तेवढ्या भागाचं आकुंचन थांबलं. रक्त नाही तर काम नाही, हा हिशेब सरळ होता. मग रक्त आलं की काम सुरू, हेही ओघानेच आलं. १९७५ मध्ये हेंड्रिक्स, व्हॅटनर आणि सहकाऱ्यांना मात्र वेगळंच दिसलं. धमनी १५ मिनिटं बंद ठेवून सोडली, रक्त वाहू लागलं, तरी स्नायू कितीतरी तास ढिलाच. मेलेला मात्र नव्हता. १९८२ मध्ये ब्राउनवाल्ड आणि क्लोनर यांनी त्याला नाव दिलं ‘स्टन्ड’, म्हणजे फटक्याने मूर्च्छा आलेला. ही मूर्च्छा काही तासांत, काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत उतरते.

दुसरा शब्द बायपासच्या रुग्णांमुळे आला. वर्षानुवर्षं अपुऱ्या रक्तावर असलेला, निकामी वाटणारा स्नायू शस्त्रक्रियेनंतर पुन्हा हलू लागे. १९७८ मध्ये डायमंड आणि सहकाऱ्यांनी याला शीतनिद्रेची उपमा दिली. लॉस एंजेलिसच्या शाहबुद्दीन रहिमतुला यांनी १९८०च्या दशकात ‘हायबरनेटिंग’ हा शब्द रूढ केला. अंथरूण पाहून पाय पसरावे, तसा हा स्नायू मिळेल तेवढ्या रक्तात भागवतो, असा त्यांचा विचार. अशा पेशींतले आकुंचनाचे तंतूही घटलेले असतात. ते पुन्हा उभे राहायला महिने लागू शकतात.

शब्द इतका चपखल की त्याचं आश्वासनच झालं: रक्त द्या, स्नायू उठेल. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिव्हाइव्ह्ड’ चाचणीने त्याला चाप लावला. पंपिंग ३५ टक्के किंवा कमी, पण स्नायू जिवंत, असे ७०० रुग्ण घेतले. औषधांच्या जोडीला अँजिओप्लास्टी केलेल्यांचं पंपिंग नुसत्या औषधांवरच्या रुग्णांपेक्षा अधिक सुधारलं नाही. हृदयविकाराच्या झटक्याच्या ऐन वेळची गोष्ट निराळी. तिथे मिनिटामिनिटाला स्नायू मरतो, धमनी तातडीने उघडावीच लागते.

पहिला पाऊस पडला की बेडूक जागा होतो. हृदयाच्या स्नायूला मात्र नुसतं पाणी सोडून भागत नाही.