एटीव्ही पळते किती? आधी तिचा इतिहास बघा



एटीव्हीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "पळते किती?" सरळ उत्तर देतो. कंपनीतून येते तशी, काही फेरफार न करता, शेतकामाची 400-500 सीसीची गाडी साधारण ताशी 80 किमीपर्यंत जाते. शर्यतीच्या धाटणीची 700 सीसीची 110-120 गाठते. पण हे आकडे इथवर कसे आले, तेही माहीत असावं. त्यांची किंमत माणसांनी मोजलीय.

1970 साली होंडाने अमेरिकेत तीनचाकी आणली. हिवाळ्यात मोटारसायकलींचा खप बसायचा, म्हणून बर्फ-चिखल-वाळूत चालेल असं काहीतरी डीलरांना हवं होतं. ओसामु ताकेउची या इंजिनिअरने ती घडवली. इंजिन 89 सीसी, ताकद 7 एचपी. खरी करामत टायरात: फुग्यासारखे रुंद आणि हवा अगदी कमी, म्हणजे भुसभुशीत जमिनीत रुतायचं नाही. वेगासाठी ती बनलीच नव्हती.

गोम होती मागच्या अॅक्सलमध्ये. डिफरेन्शियल नाही, दोन्ही चाकं सारखीच फिरणार. डिफ लॉक लावून ट्रॅक्टर वळवायला गेलात तर तो सरळच रेटतो ना, तसंच. वळताना अंगाचा भार टाकून आतलं चाक घसरवावं लागे. हळू चालताना जमायचं. वेगात चुकलं की गाडी उलटी.

पण कंपन्यांची चढाओढ लागली. 1981 ला 250 सीसीची शर्यतीची तीनचाकी आली. 1982 मध्ये सुझुकीने चौथं चाक जोडलं. 1987 ला त्यांचीच 500 सीसीची 'क्वाडझिला' ताशी 125 च्या आसपास पळू लागली. सात एचपीपासून इथवर फक्त 17 वर्षं! तोवर अपघात बेसुमार वाढले, जखमींत शाळकरी पोरं कितीतरी. शेवटी 1988 मध्ये सरकार आणि कंपन्यांत कोर्टामार्फत करार झाला: नव्या तीनचाकीची विक्री बंद, 90 सीसीवरची गाडी 16 वर्षांखालच्या मुलांसाठी नाही, घेणाऱ्याला प्रशिक्षण.

आता शेतीचं बघू. ऑस्ट्रेलियात मेंढरं वळवायला, फवारणीला ही रोजची गाडी. तिथेही माणसं दगावली, बरीचशी शेतावरच, गाडी उलटून खाली दबून. म्हणून ऑक्टोबर 2021 पासून तिथे नव्या शेतकामाच्या गाडीला चालकाला वाचवणारी चौकट सक्तीची झाली.

माझं मत विचाराल तर शेतात 80 चा उपयोग शून्य. वेग दुप्पट केला की थांबायला चौपट अंतर लागतं. त्यात बांध, उतार आणि मागे अर्धी भरलेली टाकी. वळणावर पाणी हिंदकळलं की तोलच जातो. घेणार असाल तर डोक्यावर हेल्मेट, चाल बेताची, आणि किल्ली पोरांच्या हाती नको.