भवानी पेठेतलं सिम

परदेशात राहणाऱ्या जवळजवळ प्रत्येक भारतीयाकडे एक जुनं सिम कार्ड असतं. त्यावरून तो कुणाला फोन करत नाही, नव्या ओळखीच्या माणसाला तो नंबर देत नाही, पण त्यावर पैसे मात्र नेमाने भरतो. कशासाठी? तर कधीतरी त्यावर सहा आकड्यांचा एक एसेमेस येणार असतो, तो मिळावा म्हणून. माझं असं सिम सोलापुरात, भवानी पेठेत आहे. मी जर्मनीत आहे. ते माझ्या खिशात का नाही, हे सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल. कारण लांबचा निरोप कमी पैशात मिळवायची खटपट मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे.

1840 च्या आधी विलायतेत टपालाचे पैसे बहुधा पत्र घेणाराच द्यायचा, आणि दर अंतराप्रमाणे वाढत जायचा. कवी कोलरिजच्या नावावर एक किस्सा सांगतात. पोस्टमनने आणलेलं पत्र एका गरीब बाईने हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि पैसे नाहीत म्हणून परत केलं. कोलरिजला दया आली, त्याने पैसे भरून पत्र सोडवलं. आत कोरा कागद! लिहिणाऱ्याने पाकिटावरच खुणा केल्या होत्या, ‘मी बरा आहे’ एवढं त्यातून कळत होतं. किस्सा खरा असो की रचलेला, रोलंड हिलने टपालसुधारणेच्या बाजूने तो वापरला आणि 1840 मध्ये पेनी पोस्ट आलं. आपल्याकडे 1854 मध्ये अंतर न बघता अर्ध्या आण्यात पत्र जाऊ लागलं. तरी तिकीट न लावता टाकलेलं पत्र चालायचं, फक्त त्याचे दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून वसूल व्हायचे. त्याला लोक ‘नॉटपेड’ म्हणत. ते घ्यायचं की परत पाठवायचं, हे घेणाऱ्याच्या हातात. म्हणजे मिस्ड कॉल आपण शोधला असं वाटत असेल तर जरा थांबा.

1870 मध्ये मुंबई समुद्राखालच्या तारेने सुएझमार्गे लंडनला जोडली गेली. आठवड्यांचं काम काही तासांवर आलं, पण पैसे शब्दागणिक. त्यामुळे शब्द वाचवण्याचं एक शास्त्रच उभं राहिलं. 1873 मध्ये क्लॉसन-थ्यू यांचं ‘एबीसी’ हे कोडबुक निघालं. त्यात एका शब्दाचा अर्थ एक अख्खं वाक्य. दोन्ही टोकांना तेच पुस्तक असलं की कापसाचा भाव, गाठींची संख्या, बोट कधी सुटणार, सगळं दोन-तीन शब्दांत. पत्त्याचेही पैसे पडत, म्हणून कंपन्या एका शब्दाचा तारेचा पत्ता नोंदवून ठेवत. जुन्या कापड व्यापाऱ्यांचे लेटरहेड बघा, फोन नंबरच्या शेजारी ‘ग्रॅम’ असं लिहून एक विचित्र शब्द छापलेला असतो, तो हाच. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी तयार वाक्यांची क्रमांक लावलेली यादी होती. तीन वाक्यं निवडायची आणि अडीच शिलिंगांत तार करायची. तारेतून फक्त आकडे जायचे. आपल्या तारखात्यातही दिवाळीच्या, लग्नाच्या शुभेच्छांची अशीच क्रमांकांची यादी 2013 च्या जुलैपर्यंत, म्हणजे तार बंद होईपर्यंत होती.

या सगळ्या युक्त्यांचं मूळ एकच. काय कळवायचं ते आधी ठरलेलं असतं, वाटेवरून फक्त खूण पाठवायची. ज्या दोघांचं आधी बोलणं झालेलं आहे, त्यांना निरोप स्वस्त पडतो.

आणि जे ठरलेलं नसतं, त्याचं काय? सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 च्या सप्टेंबरात चीनला गेले. त्यांचं घर, आता स्मारक, भय्या चौकात आहे. शाळेच्या सहलीत आम्हाला दरवर्षी नेऊन आणायचे, त्यामुळे आम्हाला त्याचं काही वाटत नसे. पथक येनानच्या वाटेवर चोंगचिंगला असताना त्यांना वडील गेल्याचं कळलं. परत फिरण्यात अर्थ उरला नव्हता, ते पुढे गेले. 1942 च्या डिसेंबरात ते तिकडेच वारले. अशा बातमीला कोडबुक नसतं.

आता भवानी पेठ. सोलापूरच्या पूर्व भागातली ही वस्ती आमच्या पद्मशाली विणकरांची. तेलंगणातून आलेली माणसं, घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, गिऱ्हाइकाप्रमाणे कन्नड नाहीतर हिंदी. पुरुष यंत्रमागावर, बायका विड्या वळायला. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा बाहेरगावी गेलेले सगळे परततात, निदान तसा प्रयत्न करतात. माझे चिन्नायना, म्हणजे धाकटे काका, 1989 मध्ये मस्कतला गेले. ते रथाला दोन वर्षांतून एकदा यायचे. मधल्या काळात कॅसेट यायची. आखातातल्या कामगारांमध्ये तेव्हा ही पद्धतच होती. टेपरेकॉर्डरसमोर बसून बोलायचं आणि गावी निघालेल्या माणसाच्या सामानात ती कॅसेट टाकायची. आजी लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती, तिच्यासाठी पत्रापेक्षा हे बरं होतं. एकाच बाजूवर तासभर बोलणं, मधूनच पंख्याचा आवाज.

घाईचं काही असलं तर किराणा दुकानातला पी.पी. नंबर. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, पी.पी. म्हणजे दुसऱ्याचा फोन, आपल्याला बोलावून देणारा. परदेशाशी बोलायची मक्तेदारी विदेश संचार निगमकडे होती, ती 2002 च्या एप्रिलमध्ये सुटली. तोवर आयएसडीच्या बूथमधला तो लाल आकड्यांचा मीटर बघत बोलणं म्हणजे छातीत धडधड. चिन्नायनांची खूण ठरलेली होती. दुकानात तीनदा रिंग वाजून बंद झाली की पैसे पाठवले. दुकानदाराने फोन उचलायचा नाही, फक्त पोराला आमच्या घरी पिटाळायचं. तो कधीकधी सवयीने उचलायचा. मग पुढच्या कॅसेटमध्ये त्याच्यासाठी पाच मिनिटं शिव्या असायच्या.

1995 मध्ये मोबाइल आला तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे. 2003 च्या मे महिन्यात नियम बदलला, फक्त करणाऱ्याने भरायचे. त्या दिवसापासून मिस्ड कॉल हा देशाचा कारभार झाला. एक म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तू कर. याबद्दल आता फार लिहिलं गेलं आहे, तेव्हा पुढे जाऊ.

एसेमेसकडे मात्र थोडं थांबायला हवं. पहिला एसेमेस 3 डिसेंबर 1992 ला इंग्लंडमध्ये गेला. त्याची लांबी आधीच ठरली होती, आणि ती ठरवणाऱ्यांत फ्रीडहेल्म हिलेब्रांड नावाचा जर्मन अभियंता होता. बॉनच्या आपल्या घरी टाइपरायटरवर त्याने सुचतील ती वाक्यं बडवली, अक्षरं मोजली, पोस्टकार्डांवरचा मजकूर किती असतो ते पाहिलं, आणि 160 पुरतील असं म्हटलं. फोन आणि टॉवर एकमेकांशी आपली ओळख पटवायला एक बारीक वाट वापरतात, तिथल्या मोकळ्या वेळात हा निरोप बसवायचा होता. म्हणून निरोपाला जागा 140 बाइटची. रोमन अक्षराला 7 बिट लागतात, तशी 160 मावतात. देवनागरीला 16 बिट लागतात, म्हणून 70. शिवाय प्रत्येक काना-वेलांटी वेगळी मोजली जाते. ‘आई जेवलीस का’ यात 12 जागा गेल्या. जरा सविस्तर मराठी लिहिलं की एकाचे दोन, दोनाचे तीन एसेमेस, आणि परदेशी एसेमेसला पाच रुपये पडायचे. आपली पिढी ‘kay kartes’ लिहायला शिकली त्याचं खापर इंग्रजी शाळांवर फोडतात. मला वाटतं त्यात या 70 चा वाटा मोठा आहे. बऱ्याच हँडसेटवर मराठी दिसायचंच नाही, हे आणखी एक.

पण एसेमेसचा एक गुण असा की तो फोन शोधत येतो. निरोप आधी कंपनीच्या केंद्रात थांबतो, तुमचं सिम कुठल्या देशात, कुठल्या जाळ्यात नोंदलं आहे ते विचारतो आणि तिथे जातो. फोन बंद असेल तर वाट पाहतो. आणि घेणाऱ्याला रोमिंगमध्येही सहसा पैसे पडत नाहीत. परदेशात राहून फुकटात निरोप मिळवायचा याहून सरळ मार्ग नव्हता. त्यात 2005 संपता संपता ‘लाइफटाइम’ची लाट आली, 999 रुपये एकदा भरा आणि इनकमिंग चालू. 2009 मध्ये व्हॉट्सॲप निघालं, पुढे गप्पा तिकडे गेल्या, चिन्नायना व्हिडिओत दिसू लागले, आणि एसेमेसचं दुकान बसणार असं वाटलं.

ते बसलं नाही, कारण त्याच वर्षी, 1 ऑगस्ट 2009 पासून, रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड-व्यवहाराला ओळखीची दुसरी खूण सक्तीची केली. ती खूण कालांतराने एसेमेसवरच्या ओटीपीच्या रूपात स्थिरावली. पुढे आधार, आयकर, भविष्य निर्वाह निधी, सगळ्यांनी तोच रस्ता धरला. इथे जुनी सगळी हुशारी संपते. ओटीपी आधी ठरवता येत नाही, तो ठरलेला नसतो हेच त्याचं काम. तीन रिंगांत तो सांगता येत नाही, पाकिटावरच्या खुणेत मावत नाही. तो त्याच नंबरवर, त्याच चार-पाच मिनिटांत पोचावा लागतो. दीडशे वर्षं खटपट होती ती निरोप लहान करण्याची. आता निरोप सहा आकड्यांचाच आहे आणि खटपट आहे ती नंबर जिवंत ठेवण्याची.

तो जिवंत ठेवणं महाग होत गेलं. 2018 च्या शेवटी मोठ्या कंपन्यांनी लाइफटाइम गुंडाळून किमान रिचार्ज आणलं, 28 दिवसांना 35 रुपये. 28 दिवस म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज. पुढे ती रक्कम चढत गेली. 2021 च्या 8 मार्चला व्यावसायिक एसेमेस गाळण्याची नवी व्यवस्था सुरू झाली आणि देशभर ओटीपी अडकले, ती आठवडाभर थांबवावी लागली. 2023 च्या जानेवारीत परदेशी नंबरवरून यूपीआय वापरायची मुभा मिळाली, दहा देशांना. ओमान होता, कतार होता, जर्मनी नव्हता.

माझं सिम पहिली दोन वर्षं माझ्याच फोनमध्ये होतं. एसेमेस यायचे, पण कधी वीस मिनिटांनी, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी, एकदम चार. तेव्हा ते मी भावाबरोबर घरी पाठवलं. आईने ते एका साध्या बटणाच्या फोनमध्ये घातलं. आता ओटीपी भवानी पेठेत येतो, आई आपल्या दुसऱ्या फोनवर व्हॉट्सॲपवरून मला वाचून दाखवते. ‘हा कोड कोणालाही सांगू नका’ असं त्याच एसेमेसमध्ये लिहिलेलं असतं. आईला इंग्रजी येत नाही, म्हणून ते तिला कळत नाही, आणि मी भाषांतर केलेलं नाही.

2022 मध्ये नायनांना, म्हणजे वडिलांना, छातीत दुखू लागलं. भाऊ त्यांना घेऊन दवाखान्यात, रात्री साडेअकरा, तिथे आधी पैसे भरायचे होते. पैसे माझ्या खात्यात. मी इथून व्यवहार सुरू केला आणि आईला फोन लावला. आई विडी कामगार, पंचवीसच्या बंडलांचा आणि हजारांचा हिशेब तोंडी करणारी. आकड्यांना ती घाबरत नाही. पण त्या एसेमेसमध्ये आकडेच आकडे होते. खात्याचे शेवटचे चार, रक्कम, ओटीपी, तक्रारीचा नंबर. तिने सुरुवातीपासून वाचायला घेतलं, तेलुगूत, एडु, रेंडु, सुन्ना... ते खात्याचे निघाले. खरा कोड सापडेपर्यंत मुदत संपली. दुसऱ्या वेळी रक्कम वाचली. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, सहा आकडे एकत्र कुठे दिसतात तेवढंच बघ. ती गप्प झाली. मग सहा आकडे सलग म्हणाली, मधे श्वास न घेता. पैसे गेले. नायना आज घरी आहेत, पथ्य पाळत नाहीत.

त्यानंतर शेजारच्या काकूंनी दोह्यातल्या मुलाचं सिम आईकडे आणून दिलं. मग मागच्या बोळातलं एक. आता तिच्या पत्र्याच्या डब्यात तीन फोन आहेत, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी चिकटवलेली. रिचार्जच्या तारखा ती भिंतीवरच्या दाते दिनदर्शिकेत लिहिते. दाते पंचांग सोलापूरचंच, तेव्हा दुसरी दिनदर्शिका घरात येत नाही. 2024 च्या डिसेंबरात ट्रायने डेटाशिवाय फक्त कॉल आणि एसेमेसचे पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं, मुदत वर्षभरापर्यंत वाढवायची सोय झाली. त्यामुळे माझ्या नावापुढे आता वर्षातून एकच खूण असते.

तरीही महिन्यातून एकदा आई तिन्ही फोन चार्ज करते आणि आपल्या मोबाइलवरून एकेकाला कॉल लावते. वापर नसला की नंबर बंद होतो, असं भावाने तिला सांगून ठेवलं आहे. मिस्ड कॉल चालत नाही, उचलावा लागतो, हेही. म्हणून ती एका कानाला हा आणि दुसऱ्या कानाला तो धरून बसते, आणि काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून माझ्या नंबरवर मलाच विचारते, जेवलीस का.