ओष्ठ-लघुकरण शस्त्रक्रिया : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

मानवी चेहरा ही केवळ निसर्गाची देणगी नसून तो समाजाच्या नजरेचाही विषय आहे. मराठीत ‘नाक कापले जाणे’ हा वाक्प्रचार अब्रूशी जोडला गेला आहे, यावरून चेहरा आणि प्रतिष्ठा यांचे नाते लक्षात येते. अलीकडे महाविद्यालयीन वयातील तरुण-तरुणींमध्ये सौंदर्यशस्त्रक्रियेविषयी कुतूहल दिसते. ओठांचा जाडपणा कमी करणारी शस्त्रक्रिया, जिला वैद्यकात रिडक्शन चायलोप्लास्टी म्हणतात, ही त्यांपैकीच एक होय. ही शस्त्रक्रिया करून घेण्यापूर्वी तिचे वैद्यकीय स्वरूप जाणून घेणे आवश्यक आहेच. परंतु तिच्यामागील इतिहासही जाणून घेणे तितकेच आवश्यक आहे, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

प्राचीन भारतीय परंपरा :

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात कान, नाक व ओठ यांच्या संधानाचा विचार आला आहे. नाकासाठी गालावरील त्वचा पानाच्या मापाने घेऊन जोडावी व श्वासासाठी नळ्या ठेवाव्यात असे तेथे सांगितले आहे. ओठासाठीही हाच विधी असून नळ्यांची मात्र गरज नाही, असा निर्देश आहे. येथे लक्षात घ्यावयाची बाब ही की, या अध्यायातील ओठाचा विचार तुटलेला अवयव जोडण्याचा आहे. निरोगी ओठ लहान करण्याची कल्पना त्यात नाही. उलट, संस्कृत काव्यपरंपरेने तोंडल्याच्या पिकल्या फळाशी ओठांची तुलना करून ‘बिंबाधर’ हा शब्द रूढ केला. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचा भरीव खालचा ओठही हीच सौंदर्यदृष्टी दर्शवितो.

पुण्याची शस्त्रक्रिया आणि युरोप :

या परंपरेचा आधुनिक जगाशी संबंध जुळला तो पुण्याजवळ. इंग्रज सैन्यातील कावसजी नावाचा बैलगाडीवान टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९२ च्या युद्धात कैद झाला व त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो नाकाविना राहिला. पुढे वीट बनविणाऱ्या जातीतील एका कारागिराने मेणाच्या साच्याने माप घेऊन कपाळावरील त्वचेपासून त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. पेशव्यांच्या दरबारात वावरणारा चित्रकार जेम्स वेल्स याने कावसजीचे चित्र काढले. ऑक्टोबर १७९४ च्या लंडनमधील ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकीकत प्रसिद्ध झाली. त्यापासून प्रेरणा घेऊन जोसेफ कार्प्यू याने १८१४ मध्ये लंडनमध्ये अशी शस्त्रक्रिया केली व १८१६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला.

या हकीकतीत रुग्णाचे नाव आहे, पाहणाऱ्यांची नावे आहेत. परंतु प्रत्यक्ष शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव नाही. ज्ञान कोणाचे आणि श्रेय कोणाचे, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने येथे विचारावयास हवा.

दुरुस्तीकडून लघुकरणाकडे :

१८४६ मध्ये ईथरच्या भुलीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि १८६७ मध्ये लिस्टरने जंतुनाशक पद्धती मांडली. यामुळे शस्त्रक्रिया सुसह्य झाली आणि निरोगी अवयवावरही ती करता येईल असा विश्वास निर्माण झाला. १८९८ मध्ये बर्लिनमधील जॅक जोसेफ यांनी नाक लहान करण्याच्या शस्त्रक्रियेची हकीकत वैद्यकसभेपुढे मांडली. चेहऱ्यामुळे होणारे मानसिक दुःख हे शस्त्रक्रियेस पुरेसे कारण आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

मात्र हे दुःख कोठून येते? अठराव्या शतकात पेत्रुस काम्पर या डच शरीरशास्त्रज्ञाने चेहऱ्याचा कोन मोजण्याची पद्धत मांडली. पुढील काळात तिचा वापर वंशांची उतरंड लावण्यासाठी झाला. पुढे आलेला जबडा व जाड ओठ हीनतेची खूण मानली गेली. म्हणजेच ओठांच्या ‘दोषा’मागे पुष्कळदा वसाहतकालीन पूर्वग्रह आहे. दुसऱ्या बाजूने, अमेरिकेत १९८१ मध्ये कोलाजेन आणि २००३ मध्ये हायल्युरॉनिक आम्लाच्या इंजेक्शनांना मान्यता मिळाल्यानंतर ओठ भरीव करून घेण्याचीच फॅशन वाढली. एका पिढीने जे काढून टाकले, ते दुसरी पिढी पैसे देऊन भरून घेते. फॅशन बदलते, कापलेली ऊती मात्र परत येत नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी काय जाणावे :

या शस्त्रक्रियेत सहसा स्थानिक भूल देऊन ओठाच्या आतील ओलसर भागातून श्लेष्मल त्वचेची पट्टी व त्याखालील काही ऊती काढून टाके घालतात. सूज सुमारे एक-दोन आठवडे राहते. अंतिम आकार दिसण्यास काही महिने लागतात. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, व्रण, असमानता, बधिरता आणि प्रमाणाबाहेर लघुकरण हे धोके संभवतात.

सर्वप्रथम कारणाचे निदान हवे. पुढे आलेले दात, ॲलर्जीची सूज, रक्तवाहिन्यांची गाठ किंवा जन्मजात दुहेरी ओठ यांमुळेही ओठ मोठे दिसतात आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे. धूम्रपान, रक्त पातळ करणारी औषधे, जाड व्रण होण्याची प्रवृत्ती आणि ओठांवर वारंवार येणारी नागीण यांची माहिती डॉक्टरांना द्यावी. औषधे मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. शल्यविशारदाची अर्हता पाहावी. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले की, उपचाराचे स्वरूप, पर्याय व धोके यांची पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी संमती होय. ती माहिती मागणे हा रुग्णाचा अधिकार आहे.

समारोप :

डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळ कोंढवा येथे कुष्ठरुग्णांवर पुनर्रचनात्मक शस्त्रक्रिया केल्या. ज्यांना समाजाने दूर लोटले होते, त्यांना पुन्हा समाजात उभे करण्याचे ते कार्य होते. कावसजीपासून कोंढव्यापर्यंतची ही परंपरा माणसाला त्याचा हरवलेला चेहरा परत देण्याची आहे. सौंदर्यशस्त्रक्रिया सरसकट निषिद्ध ठरविण्याचे कारण नाही. ओठांमुळे खाणे, बोलणे वा जगणे खरोखर अवघड झाले असेल, तर ती उपकारकच ठरते. तथापि, शस्त्र उचलण्यापूर्वी एक प्रश्न विचारला जावा : दोष ओठात आहे की पाहणाऱ्याच्या नजरेत? वर्गात आपल्यासमोर बसणाऱ्या विद्यार्थ्याला हा प्रश्न स्वतःला विचारण्याचे बळ देणे, हे अध्यापक म्हणून आपले कर्तव्य आहे.