घाटात ऑईलचा लाल दिवा लुकलुकतोय? आधी इंजिन बंद करा, मग कारण शोधा

महाड : पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढताना एखाद्या वळणावर ऑईलच्या किटलीचा लाल दिवा क्षणभर लागतो आणि गाडी सरळ झाली की विझतो. वरंध आणि कशेडी घाटातही चालकांना हा अनुभव येतो. ‘विझला ना, मग चालू दे’ म्हणून गाडी तशीच दामटली जाते. पण गाडी जीप असो, टेम्पो असो की लाखमोलाची स्पोर्ट्स कार, या दिव्याचा अर्थ एकच असतो.

दिवा नेमकं काय सांगतो?

बहुतेक गाड्यांत हा लाल दिवा ऑईल किती आहे ते सांगत नाही, ऑईलचं प्रेशर पडल्याचं सांगतो. इंजिनखालच्या चेंबरमधून पंप जाळीतून ऑईल ओढतो आणि फिल्टरमधून क्रँकच्या बेरिंगपर्यंत दाबाने पोचवतो. क्रँक या ऑईलच्या पातळ थरावर फिरतो. थर तुटला की लोखंडाला लोखंड घासतं. टायरमध्ये साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा असते. हा दिवा बहुतेक गाड्यांत ४ ते ७ पीएसआयला लागतो. म्हणजे तो लागेपर्यंत प्रेशर जवळजवळ संपलेलं असतं.

दिवा लागला तर

रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी गाडी थांबवा आणि लगेच इंजिन बंद करा. चालत्या गाडीत चावी बंद करू नका, ब्रेक आणि स्टेअरिंग जड होतात. चाकाला दगड लावा. पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून ऑईल बघा. चढावर उभ्या गाडीत माप चुकीचं दिसतं, त्यामुळे शक्यतो सपाट जागा बघा. ऑईल खालच्या खुणेच्या खाली असेल तर भर घाला. ऑईल पुरेसं असूनही दिवा जात नसेल किंवा इंजिनमधून खटखट येत असेल, तर गाडी टोचन करूनच न्या.

दिवा कधी लागतो, त्यावरून कारण

१) वळणावर, चढ-उतारावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर : बहुतेक वेळा ऑईल कमी असतं. ते एका बाजूला सरकतं, जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. शर्यतीच्या गाड्या वळणं वेगात घेतात, म्हणून त्यांच्या चेंबरमध्ये आडपडदे असतात, काहींत ऑईलची टाकीच वेगळी असते. साध्या गाडीला ऑईलची पातळी बरोबर ठेवणं हाच उपाय.

२) घाट चढून गाडी तापल्यावर, न्यूट्रलला लागतो आणि रेस दिली की विझतो : ऑईल जुनं किंवा चुकीच्या ग्रेडचं असून गरम झाल्यावर पातळ पडत असेल. ग्रेड गाडीच्या पुस्तकातलाच वापरा. ऑईल बदलूनही फरक नसेल तर पंप किंवा बेरिंग झिजल्याची शंका घ्यावी.

३) सकाळी स्टार्टर मारल्यावर : दोन-तीन सेकंदात विझला तर काळजी नाही. जास्त वेळ राहिला तर फिल्टर हलक्या प्रतीचा असू शकतो. चांगल्या फिल्टरमधली झडप रात्रभर ऑईल आत धरून ठेवते.

४) खड्ड्यात, पावसात, कधीही : प्रेशर स्विच किंवा वायर बघा. घासलेली किंवा उंदराने कुरतडलेली वायर बॉडीला लागली तरी दिवा लागतो. स्विचच्या टोकाला ऑईल झिरपलेलं दिसलं तर स्विच खराब.

५) चेंबर दगडावर आपटल्यानंतर : वाडीवरच्या कच्च्या रस्त्यांवर हे होतं. चेंबर गळत नसला तरी आत चेपला तर जाळीचं तोंड दाबलं जातं.

डिपस्टिकवरचं ऑईल वाचा

ऑईल दुधाळ झालं असेल तर त्यात पाणी शिरलंय. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाडमधल्या कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. अशा गाडीला आधी स्टार्टर मारू नये, ती तशीच गॅरेजला न्यावी. ऑईल न भरताच पातळी वाढली आणि डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल चेंबरमध्ये उतरतंय. असं ऑईल पातळ होतं आणि प्रेशर धरत नाही.

गॅरेजमध्ये काय सांगायचं?

‘आधी गेज लावून प्रेशर मोजा,’ एवढं सांगा. स्विच काढून त्या जागी काट्याचं गेज बसवायचं आणि गरम इंजिनवर न्यूट्रलला व रेस देऊन आकडा बघायचा. आकडा पुस्तकाप्रमाणे असेल तर स्विच-वायरचं काम, काही शे रुपयांत निभावतं. कमी असेल तर जाळी, पंप, बेरिंग. न मोजता नुसता स्विच बदलला, तर खरा बिघाड लपून राहतो आणि पुढच्या घाटात इंजिन बसतं. दिवा त्रास देतो म्हणून वायर काढून ठेवणं तर त्याहून वाईट.

घाटात जाण्याआधी

थंड गाडीचं ऑईल बघा आणि चावी फिरवून इंजिन सुरू न करता लाल दिवा लागतो का तेही बघा. त्या वेळी तो लागलाच पाहिजे. नाही लागला तर बल्ब गेलेला असेल किंवा वायर तुटलेली असेल, आणि प्रेशर पडलं तरी चालकाला कळणार नाही.