गाडीवर चढलेली गाडी

नगर-मनमाड रस्त्यावर कधीतरी ट्रकवर लादलेली पाणीपुरीची किंवा चायनीजची नवी कोरी गाडी दिसते बघा. स्टीलचा ओटा, काचेची कपाटं, सगळं दोरीने करकचून बांधलेलं. कुणीतरी कर्ज काढून घेतलेली असते ती. वाटेत काच फुटली, पत्रा चेपला, तर भरायचं कुणी? मंडळी, हे भांडण दीडशे वर्षं जुनं आहे.

१८६५ च्या कॅरिअर्स अ‍ॅक्टने मालवाल्याची बाजू घेतली होती. माल खराब झाला तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करत बसायची गरज नव्हती. पुढे १८७८ मध्ये दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली आणि माळशेज घाटाने बैलांवरून उतरणारा नगरचा माल डब्यात चढला. पण १८९० च्या रेल्वे कायद्याने रेल्वेची जबाबदारी चक्क कमी केली. साधा शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकीच काळजी! वर 'रिस्क नोट' वेगळीच. पॅकिंग कच्चं असेल तर एक, स्वस्त दर हवा असेल तर दुसरी. सही केली की धोका तुमचा. (सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना न वाचता 'आय अ‍ॅग्री' दाबतो ना, त्याचीच ही पणजी.) रेल्वेची ही कमी केलेली जबाबदारी १९६१ च्या दुरुस्तीने बदलली. १९६२ पासून रेल्वेवर पूर्ण जबाबदारी आली. तरी १९८९ च्या कायद्यातही 'ओनर्स रिस्क' दर आणि सदोष पॅकिंगचे अपवाद आहेतच.

आता दराचं. रेल्वेच्या मालवर्गवारीत १०० हा पायाभूत वर्ग, १५० म्हणजे दीडपट भाडं. अमेरिकेत ट्रकच्या फुटकळ मालाचे ५० ते ५०० असे १८ वर्ग आहेत आणि त्यात घनतेला फार महत्त्व. खाद्यगाडी तिथे नेमकी मार खाते. वजन थोडं, जागा भरपूर, आणि वर दुसरा माल रचता येत नाही. आपला ट्रकवाला तक्त्याशिवाय, नुसतं बघून हेच गणित करतो. असो.

रस्त्यावरच्या वाहतुकीसाठी २००७ चा कायदा आला आणि तो मार्च २०११ पासून लागू झाला. गोम इथे आहे. निष्काळजीपणा सिद्ध करायची गरज आजही नाही, पण जास्त किंमत लिहून देऊन वरचा दर भरला नसेल तर भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच. समजा गाडी ८० हजारांची आणि भाडं २ हजार. मिळणार जास्तीत जास्त २० हजार. उरलेले ६० हजार वडापाव विकून काढा!

म्हणून बिल्टीवर खरी किंमत लिहून घ्या. काचा काढून वेगळ्या गुंडाळा, चाकांना अडण लावा, गॅसची टाकी बरोबर पाठवूच नका. गाडी उतरवतानाच फोटो काढा. आणि नुकसान झालंच तर लेखी नोटीस द्या, बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत.