मानमोडी, राणीखेत आणि दहा कोंबड्यांचे घर

सातारा जिल्ह्यातल्या माण-खटावच्या किंवा सांगलीतल्या आटपाडी-जतच्या एखाद्या शाळेत ‘घरच्या कोंबड्या कशाने मरतात?’ असे विचारून पाहा. ‘मानमोडीने’ असे उत्तर हमखास येईल. आजारी कोंबडीची मान पिळवटते, म्हणून हे नाव. १९१८ सालच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीलाही जुनी माणसे मानमोडीच म्हणत. पण त्या रोगाचा विषाणू वेगळा. पशुवैद्यकाच्या पुस्तकात कोंबड्यांच्या मानमोडीचे नाव आहे ‘राणीखेत’. कुमाऊँमधल्या एका थंड हवेच्या गावाचे नाव माणदेशातल्या खुराड्यापर्यंत कसे पोचले, याची ही हकिकत.

आधी परसातल्या कोंबडीचा हिशोब पाहू. देशी कोंबडी सहा-सात महिन्यांची झाली की अंड्यावर येते. दहा-पंधरा अंडी घातली की ती खुडूक होते, २१ दिवस अंडी उबवते, मग काही आठवडे पिले घेऊन हिंडते. असे तीन-चार फेरे होऊन वर्षाकाठी साधारण ५०-६० अंडी पदरात पडतात. चांगली कोंबडी दोन-तीन वर्षे हा क्रम चालवते. अंडी थोडी, पण खर्चही थोडा. कारण तिचे खाणे म्हणजे सांडलेले दाणे, किडे आणि उष्टे-खरकटे. पर्जन्यछायेतल्या या तालुक्यांत पीक बुडाले, तरी आठवडे बाजारात अंडी विकून मीठ-मिरची येते, आणि तो पैसा बहुधा घरच्या बाईच्या हाती असतो. मानमोडी आली की आठवड्याभरात खुराडे रिकामे होते. लस न टोचलेल्या कळपात दहातल्या आठ-नऊ कोंबड्याही मरू शकतात.

या रोगाची शास्त्रीय नोंद प्रथम १९२६ साली झाली. त्या वर्षी जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल येथे कोंबड्यांत मोठी मर झाली. डॉयल या शास्त्रज्ञाने १९२७ मध्ये दाखवून दिले, की हा विषाणुजन्य रोग असून तो ‘फाउल प्लेग’पेक्षा, म्हणजे आज आपण ज्याला बर्ड फ्लू म्हणतो त्यापेक्षा वेगळा आहे. जगात त्याला ‘न्यूकॅसल रोग’ हे नाव पडले. त्याच सुमारास आपल्याकडे राणीखेत येथे त्याची नोंद झाली. जवळच मुक्तेश्वरला सरकारी पशुवैद्यकीय संशोधन संस्था होती. तिथे अभ्यास सुरू झाला आणि भारतात ‘राणीखेत’ हेच नाव रूढ झाले.

विषाणू जिवंत पेशींतच वाढतो, त्यामुळे तो प्रयोगशाळेत वाढवायचा कसा, हा मोठा प्रश्न होता. १९३१ मध्ये अमेरिकेत गुडपाश्चर आणि वुडरफ यांनी कोंबडीच्या उबवत्या अंड्यात विषाणू वाढवून दाखवला. मग राणीखेतचा विषाणू एका अंड्यातून दुसऱ्या अंड्यात असा पुनःपुन्हा वाढवण्यात आला. गर्भात वाढायला सरावता सरावता त्याची मारकशक्ती घटली. १९४० च्या दशकात मुक्तेश्वर जातीची लस अशी तयार झाली. गंमत पाहा, कोंबडीला वाचवणारी लस अंड्यातच तयार झाली!

ही लस मात्र थोडी कडक आहे. लहान पिलांना ती बाधते आणि अंड्यावरच्या कोंबडीला दिली तर अंडी घटतात. म्हणून पहिल्या आठवड्यात ‘लासोटा’सारख्या सौम्य लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात देतात. मुक्तेश्वर जातीची ‘आर-टू-बी’ लस साधारण आठव्या आठवड्यात, अंडी सुरू होण्याच्या बरीच आधी टोचतात. आईला लस मिळालेली असेल, तर तिची प्रतिपिंडे बलकातून पिलाला मिळतात. पण ती थोडे आठवडेच टिकतात. म्हणून पिलांना लस द्यावीच लागते.

मग लस असूनही परसातल्या कोंबड्या मरत का राहिल्या? कारण शोधायला सूक्ष्मदर्शक नको, अंकगणित पुरे. कोंबडीपालनाचा विकास झाला तो मोठ्या शेडच्या मापाने. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुणे हे या धंद्याचे केंद्र बनले. सांगलीतल्या विटा भागातही मोठ्या शेड उभ्या राहिल्या. तिथली संकरित कोंबडी सहसा खुडूक होत नाही आणि वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. परसासाठी गिरिराजा, वनराजा अशा जाती आल्या. पण परसातल्या घराचा मोठा तोटा कमी अंड्यांचा नव्हता, मरणाचा होता. लसीची लहानात लहान कुपी बहुधा १०० मात्रांची असते. ती थंड ठेवावी लागते आणि एकदा पाण्यात मिसळली की थोड्या तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या घरी ९० मात्रा वाया जाणार!

१९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात पीटर स्प्रॅडब्रो यांनी हाच प्रश्न हाती घेतला. उष्णता सोसणाऱ्या विषाणूंपासून त्यांनी खेड्यांसाठी लस तयार केली. पुढे अशा लसी आशिया आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांत वापरात आल्या. रोगाचे ज्ञान जुनेच होते. नवा होता तो खेड्यातल्या घराचा विचार.

आपल्या वर्गातही हे गणित सोडवता येईल. कोणाच्या घरी किती कोंबड्या व पिले आहेत याचा तक्ता मुलांना करायला सांगा. वस्तीतल्या दहा-बारा घरांची बेरीज शंभराजवळ जाते का, ते पाहा. जात असेल, तर उन्हाळ्याआधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून एक सकाळ ठरवता येईल. पहाटे, डालग्याखालच्या कोंबड्या मोकळ्या सोडायच्या आधी, बर्फाच्या डब्यातली एक कुपी घरोघर फिरवली, की एकही मात्रा वाया जाणार नाही.