कोडिंग येतं, पण प्रोग्रॅम सुचत नाही? प्रकाशाच्या बॅरेजवरून समजून घ्या

पायथॉनचे व्हिडिओ बघून झाले, 'इफ', 'एल्स', 'लूप' पाठ झाले. पण स्वतःहून छोटासा प्रोग्रॅम लिहायला बसलं की स्क्रीन कोरीच राहते. कोडिंग शिकणाऱ्या अनेकांचा हा अनुभव असतो. बहुतेक वेळा त्यांना भाषा येत असते, प्रश्न मोडून बघायची सवय मात्र नसते.

या सवयीला काय म्हणतात?

संगणकीय विचार. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संगणकशास्त्रज्ञ जेनेट विंग यांनी २००६ मध्ये लिहिलेल्या लेखामुळे हा शब्द जगभर गाजला. वाचन, लेखन आणि गणितासारखंच हे कौशल्य प्रत्येकाला यायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. भारताच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही संगणकीय विचार आणि कोडिंगचा उल्लेख आहे.

यात मुख्यतः चार गोष्टी येतात: प्रश्नाचे तुकडे करणं, त्यातलं साम्य ओळखणं, नको ती माहिती बाजूला ठेवणं आणि पायऱ्या क्रमाने लिहिणं. चारही गोष्टी कागदावर, मराठीत करता येतात.

उदाहरण प्रकाशाचं का?

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातलं प्रकाशा हे तापी आणि गोमाईच्या संगमावरचं गाव. 'दक्षिण काशी' म्हणून ते ओळखलं जातं. इथे तापीवर बॅरेज आहे. पावसाळ्यात वर भुसावळजवळच्या हतनूर धरणातून पाणी सुटलं की ते सुलवाडे, सारंगखेडा आणि मग प्रकाशाच्या बॅरेजपर्यंत येतं. पुढे गुजरातमध्ये उकाई धरण आणि त्याच्याही खाली सुरत.

दरवाजे कधी उघडायचे, हे प्रत्यक्षात अभियंते अनेक गोष्टी बघून ठरवतात. आपण सरावासाठी त्याचं सोपं रूप घेऊ.

आधी तुकडे करा

'पूर आला तर काय करायचं?' हा प्रश्न फार मोठा आहे. त्याचे तुकडे असे: आत्ता पातळी किती? वरून किती पाणी येतंय? दरवाजे उघडे आहेत की बंद? खालच्या गावांना कळवलं का?

तापीची लांबी ७२४ किलोमीटर आहे, ती मध्य प्रदेशातल्या मुलताईला उगम पावते. ही माहिती खरी आहे, पण दरवाजा उघडायचा निर्णय घेताना तिचा उपयोग नाही. ती बाजूला ठेवायची.

पहिला प्रोग्रॅम, पहिल्या चुका

समजा, धोक्याची खूण १०० आहे. बहुतेक जण पहिल्यांदा असं लिहितील:

जर पातळी १०० पेक्षा जास्त, तर दरवाजे उघडा.
नाहीतर दरवाजे बंद करा.

दिसायला बरोबर आहे. आता त्याला प्रश्न विचारा.

- पातळी बरोबर १०० असेल तर? 'जास्त' की 'तेवढी किंवा जास्त', हे आधीच ठरवायला हवं.
- पातळी ९९ आणि १०१ च्या मध्ये खालीवर होत राहिली तर? दरवाजे सतत उघडझाप करतील. म्हणून उघडायची खूण १०० आणि बंद करायची ९८, अशा दोन खुणा लागतील.
- मोजणारं यंत्र बंद पडून आकडा शून्य आला तर? ऐन पुरात प्रोग्रॅम दरवाजे बंद करेल.
- नदीपात्रात माणसं असतील तर? आधी इशारा, मग दरवाजे. क्रम उलटला तर जीव जाऊ शकतो.
- हतनूरमधून पाणी सुटलंय, पण इथे अजून पोहोचलेलं नाही. फक्त इथली पातळी बघून चालेल का?

ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून मोठा विसर्ग झाला आणि सुरतचा बराच भाग पाण्याखाली गेला. नदीच्या बाबतीत 'किती आणि कधी' हे प्रश्न किती मोलाचे असतात, ते यावरून कळतं.

वरच्या पाचही चुकांमध्ये कंप्युटर एकही एरर दाखवणार नाही. त्या फक्त विचार करूनच सापडतात.

सवय कशी लावायची?

१. कीबोर्डला हात लावण्याआधी पायऱ्या मराठीत लिहा.
२. ड्राय रन करा. ९७, १००, १०१, शून्य असे आकडे घेऊन प्रत्येक ओळीनंतर काय होतं ते वहीत मांडा.
३. उत्तर चुकलं की अंदाजाने ओळी बदलू नका. कुठल्या ओळीपर्यंत बरोबर होतं, ते आधी शोधा. एका वेळी एकच बदल करा.
४. तयार कोड कॉपी केला असेल, तर प्रत्येक ओळ घरातल्या कुणाला तरी समजावून सांगा. जिथे अडखळाल, तिथे अजून समजलेलं नाही.

सरावाला घरचं वीजबिल घ्या. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटला एक दर, त्यापुढच्या युनिटला दुसरा. मग १०१ युनिट वापरले तर सगळ्या युनिटना वाढीव दर लागेल की फक्त शेवटच्या एकाला? उत्तर आहे, फक्त शेवटच्या एकाला. आता हे संगणकाला कसं सांगाल, त्याच्या पायऱ्या लिहून बघा.